म्हादईच्या पात्रात भ्रंशरेषेच्या शोधात

भूकंपाच्या धोक्याचे नकाशांकन करण्यासाठी कोणी गोव्यात वाळपईच्या दक्षिणेला म्हादई नदीच्या पात्रात उतरणार असेल, तर नकाशावरील तुटक रेषेवर विसंबून कामाची आखणी करू नये. आमच्या नकाशावर भ्रंश (खडक तुटून सरकल्याची भेग) म्हणून दाखवलेल्या रेषेवर प्रत्यक्षात एक सरळ ओहोळ आणि जांभ्याची कड यांपलीकडे काहीच निघाले नाही. गोव्यातील धारवाड या अतिप्राचीन खडकांचे पदर वायव्य-आग्नेय दिशेने पसरलेले असल्यामुळे ओहोळही बहुधा त्याच दिशेने वाहतात, आणि उपग्रहचित्रात असा प्रत्येक ओहोळ भ्रंशासारखा भासतो. भ्रंश म्हणायचा तर चुरडलेला खडक, घर्षणाचे ओरखडे किंवा दोन्ही बाजूंचे थर सरकल्याची खूण दिसली पाहिजे.

सर्वांत वाईट टप्पा पात्रातील धोंड्यांचा. शेवाळलेल्या दगडांवर बूटही टिकत नाहीत, काठावरची झुडपे वाट देत नाहीत, आणि उघडा खडक एप्रिल-मेमध्येच पाण्याबाहेर येत असल्याने उन्हाला पर्याय नाही. अभयारण्याच्या हद्दीत शिरण्यापूर्वी वनखात्याची लेखी परवानगी हवी. वरच्या रस्त्यावर थांबलेल्या जीपवाल्याने परतताना ठरल्याच्या दुप्पट भाडे मागितले आणि थकलेल्या माणसांनी ते दिले. तेव्हा परतीचे भाडे निघण्यापूर्वीच लिहून घ्यावे.

लोहखनिजाच्या पट्ट्यात ब्रंटन कंपासवर (खडकांच्या दिशा मोजण्याच्या होकायंत्रावर) भरवसा ठेवू नये. मॅग्नेटाइटयुक्त खडकाजवळ सुई भरकटते आणि नतिलंबाची (कललेल्या थरावरील आडव्या रेषेची) दिशा चुकते. तेथे जीपीएसवर दूरच्या दोन बिंदूंमधून दिशा काढावी. चिरेखाणी मात्र जरूर पाहाव्यात, कारण तिथे जांभ्याचा ताजा, उभा छेद आयता मिळतो. केपे-चांदोरकडचे काम सुरळीत झाले, त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही.

माझे स्पष्ट मत असे की एवढी पायपीट करून हाती येणारी माहिती पणजीच्या भूकंपाच्या धोक्याबद्दल फारसे सांगत नाही. गोवा आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत क्षेत्र ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात, आहे, आणि १९६७ च्या ६.३ तीव्रतेच्या भूकंपाचे कोयना सुमारे २०० किलोमीटरवर आहे. २००१ मध्ये भूजच्या भूकंपाने शेकडो किलोमीटर दूर अहमदाबादेत साबरमतीच्या गाळावरच्या इमारती पाडल्या. मांडवी-जुवारीकाठची खाजने (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली सखल शेते), पणजीतील मळा व पाटो यांसारखे सखल भाग मऊ गाळावर आहेत. तिथे भूकंपलहरींचे वर्धन होऊ शकते आणि पाण्याने भरलेली सैल वाळू असेल तर द्रवीकरणाचीही (हादऱ्याने ती वाळू द्रवासारखी होण्याची) शक्यता असते. म्हणून डोंगरात जाण्याआधी पूल आणि इमारतींसाठी घेतलेल्या बोअरच्या नोंदी मागाव्यात. गाळाची जाडी, भूजलाची पातळी आणि प्रमाणित भेदन चाचणीचे (जमिनीचा घट्टपणा मोजणाऱ्या चाचणीचे) आकडे मिळाले, तर म्हादईचे पात्र पुढल्या हंगामावर ढकलायला हरकत नाही.