थर सायकलने, नोंद ३ : पाण्याचा तक्ता, २.६ चे टायर आणि घरी ठेवलेल्या वस्तू

मंडळी, दीड महिना काही लिहिलं नाही कारण रूटच पक्का होत नव्हता. आता झालाय. बिकानेरहून निघायचं, कोलायत, बाप, फलोदी, रामदेवरा, पोकरण करत जैसलमेर, तिथून सम आणि खुडी, मग खाली देवीकोट, शिव करत बाडमेर. हायवेने गेलं तर हे अंतर कमी पडतं, पण हायवेने जायचंच नाहीये, ढाण्यांमधून (शेतातल्या छोट्या विखुरलेल्या वस्त्यांमधून) जाणारे कच्चे रस्ते, बिकानेरच्या बाजूला कालव्याकाठच्या वाटा, उंटगाड्यांचे माग असं जोडत जोडत माझी जीपीएक्स फाइल, म्हणजे फोनवर आखलेली वाट, ६४० किमीची झालीय. बारा दिवस, त्यातला एक जैसलमेरला पूर्ण आराम. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निघतोय.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी, मी जानेवारीत जैसलमेर, कुलधरा, खाभा, सम, खुडी अशी तीन दिवसांची चाचणी राईड केली होती. त्या तीन दिवसांनी माझं सगळं प्लॅनिंग उलटं फिरवलं. तोवर मी काय करत होतो, तर आधी बॅगा घेतल्या, मग बॅगांत मावेल तसं सामान भरलं आणि उरलेल्या जागेत पाणी. दुसऱ्या दिवशी समवरून खुडीकडे वाळूच्या वाटेने निघालो तर ताशी ७ किमीच्या वर वेगच येईना, दुपारी दोनला साडेतीन लिटर संपलं आणि पुढची ढाणी अजून ११ किमी लांब होती. जानेवारीचं ऊन होतं म्हणून निभावलं. त्यामुळे या वेळी आधी पाणी, मग टायर, मग बाकी सगळं, याच क्रमाने काम केलंय आणि नोंदही त्याच क्रमाने लिहितोय.

पाण्याचा तक्ता असा केला. आख्खा रूट २५-३० किमीच्या तुकड्यांत तोडला आणि प्रत्येक तुकड्याला किमी न लिहिता तास लिहिले, कारण वाळवंटात किमी फसवतात, डांबरावरचे २० किमी आणि धोऱ्यातले, म्हणजे वाळूच्या टेकड्यांमधले, २० किमी यांत अख्ख्या दुपारचा फरक पडतो. कडक मुरमाड पठार असेल तर ताशी १४, वाळू मिसळलेला ट्रॅक असेल तर १०, शुद्ध वाळू असेल तर ६ ते ७ आणि त्यातलं थोडं ढकलत. मग दर तासाला पाऊण लिटर, रात्री मुक्कामाला दोन लिटर आणि वर दीड लिटर राखीव, ज्याला हात लावायचा नाही. या हिशोबाने सगळ्यात लांब तुकड्याला सव्वासात लिटरच्या आसपास निघालं, मी ८ धरलं. ८ लिटर म्हणजे ८ किलो, यात काटछाट करायला कुठे वावच नाही, त्यामुळे बाकीच्या सामानात काय घ्यायचं याचा निकाल तिथेच लागला.

आता पाणी कुठे मिळतं हे जास्त महत्त्वाचं. नकाशावर विहिरीची खूण दिसली म्हणजे पाणी मिळालं असं धरू नका. तिथलं भूजल बऱ्याच ठिकाणी खारं आहे, काही भागांत फ्लोराइड जास्त आहे, आणि आपण नेतो तो पोकळ तंतूवाला फिल्टर जंतू अडवतो, विरघळलेलं मीठ आणि फ्लोराइड अडवत नाही. म्हणून मी गावातलं नळाचं किंवा आरओ प्लँटचं पाणी धरलंय, इंदिरा गांधी कालव्याचं पाणी पाइपने कुठवर पोचलंय ते गावागावाच्या दुकानदारांना फोन करून विचारलं. ढाण्यांवर टांके असतात, म्हणजे जमिनीखालची गोल टाकी, भोवती उतरती पक्की जमीन, पावसाचं पाणी त्यात उतरतं. ते त्या कुटुंबाचं बरेच महिने पुरवून वापरायचं पाणी असतं हे विसरू नका. विचारल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, चपला-बूट बाहेर, आणि आपली धुळीची बाटली थेट आत बुडवायची नाही. खुडीच्या अलीकडे ज्या ढाणीवर मी पोचलो तिथल्या काकूंनी आधी बसवलं, ताक दिलं, मग स्वतः बादलीने शेंदून माझ्या बाटल्या भरल्या. मी पैसे काढले तर त्यांना वाईट वाटलं. या वेळी मुलांसाठी वह्या-पेन्सिली नेतोय, अर्धा किलो वजन वाढलं तरी चालेल.

८ लिटर सायकलवर ठेवायचं कुठे यात दोन वीकेंड गेले. आधी ४ लिटरचं ब्लॅडर, म्हणजे पाण्याची लवचीक पिशवी, सायकलच्या सांगाड्यात बसणाऱ्या फ्रेम बॅगेत टाकलं, पूर्ण भरल्यावर बॅग दोन्ही बाजूंनी फुगली आणि दर पेडलला गुडघे घासायला लागले, शिवाय जानेवारीत माझं एक ब्लॅडर शिवणीतून गळलं होतं तो धाक होताच. आता ब्लॅडर २ लिटरचं, आणि फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) दोन्ही केजमध्ये दीड-दीड लिटरच्या साध्या प्लास्टिकच्या बाटल्या, फ्रेमच्या खालच्या नळीखाली एक लिटर, हँडलजवळच्या दोन पाउचमध्ये एक-एक लिटर. दुकानात मिळणाऱ्या साध्या बाटलीइतकी चांगली बाटली नाही असं माझं मत झालंय, हलकी, मजबूत, फुटली तर पुढच्या गावात स्वस्तात दुसरी. फक्त फोर्कवरचं वजन दोन्हीकडे सारखं ठेवा, प्यायचं तेव्हा एकदा डावीकडचं एकदा उजवीकडचं, नाहीतर वाळूत हँडल एका बाजूला ओढतं.

टायर. जानेवारीत २.२ इंची होते, हवेचा दाब २२ पीएसआय. वाळूत चाक सुरीसारखं आत जायचं. मेक्सिकोत बाहा डिव्हाइड म्हणून प्रसिद्ध वाळवंटी रूट आहे तिथे ३ इंची टायर सुचवतात, पण माझ्या फ्रेममध्ये २९ इंची चाकाला २.६ पेक्षा जास्त मावत नाही, त्यामुळे २.६ वर थांबलो. खरा फरक रिममुळे पडला. जुनी रिम आतून २३ मिमी होती, प्रेशर कमी केलं की वळणावर टायर रिमवरून सुटून भस्सकन हवा जायची, आता ३५ मिमीची रिम बांधून घेतली आणि वाळूत पुढे १३, मागे १५ पीएसआयवर बिनधास्त चालतो. कडक रस्ता आला की २०. यासाठी कमी प्रेशर नीट दाखवणारा डिजिटल गेज लागतो, अंगठ्याने दाबून १३ आणि १८ मधला फरक कळत नाही, मी खूप प्रयत्न केलाय. पंप मोठ्या नळीचा घ्या. २.६ चा टायर छोट्या पंपाने भरायला मला दोनशेच्या वर स्ट्रोक लागले.

ट्यूबलेसशिवाय, म्हणजे ट्यूबऐवजी आत भोक बुजवणारं द्रव सीलंट घातलेल्या टायरशिवाय, थरमध्ये जाऊच नका. आपल्याकडे ज्याला सराटा म्हणतो तो गोखरू तिथे वाटेवर पसरलेला असतो, वर वेड्या बाभळीचे काटे. तीन दिवसांत माझ्या पुढच्या टायरमध्ये ११ काटे मोजले आणि एकदाही पंक्चर काढावं लागलं नाही. काटा दिसला की लगेच उपटू नका, मुक्कामाला पोचल्यावर उपटा आणि चाक फिरवून ते भोक खाली आणा म्हणजे सीलंट तिथे साचतं. कोरड्या हवेत सीलंट लवकर सुकतं म्हणून निघायच्या आठवड्यात ताजं भरणार आणि १२० मिली वेगळ्या बाटलीत नेणार. सोबत भोक बुजवायचे प्लग, हवेच्या व्हॉल्व्हचे आतले भाग (कोअर) दोन, एक ट्यूब, टायर शिवायला जाड सुई-दोरा. आणि डिरेलर हँगर, म्हणजे गिअर बदलणारा भाग फ्रेमला धरणारा तुकडा, तुमच्या फ्रेमचाच, कारण तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि बापच्या बाजारात मिळणार नाही.

चेनला तेलकट लुब्रिकंट अजिबात नको, वाळू चिकटून त्याची पॉलिश पेपरसारखी पेस्ट होते. मेणवालं वापरतोय, रोज संध्याकाळी कोरड्या ब्रशने झटकायचं, दोन दिवसांनी थेंब थेंब लावायचं, बस.

मागच्या महिन्यात सरावाला दोन राईड झाल्या. एक पुणे, दिवेघाट, सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे अशी एक रात्र बाहेर, पूर्ण सामान आणि पूर्ण ८ लिटर पाणी घेऊन. दुसरी आंजर्ल्याला, भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत, कारण ओली वाळू कडक असते, तिथे काहीच शिकायला मिळत नाही. वाळूत शिरण्याआधीच हलका गिअर टाकायचा, वजन मागे, हात सैल, पाय एकसारखे फिरत राहिले पाहिजेत आणि ब्रेक नाही. घट्ट धरून हँडल सरळ करायला गेलात की पडलात. घरी आल्या आल्या सायकल गोड्या पाण्याने धुतली, खाऱ्या हवेने बोल्ट धरतात. थरमध्ये वाळू पहाटे जरा घट्ट असते, दव आणि थंडीमुळे, म्हणून अवघड धोरे सगळे सकाळी दहाच्या आत येतील असे मुक्काम बसवलेत. या एका बदलासाठी चार मुक्कामांच्या जागा हलवाव्या लागल्या.

झोपायचं सामान. लोक वाळवंट म्हटलं की ऊन धरतात, फलोदीला मे २०१६ मध्ये ५१ अंश होतं तेच सगळ्यांच्या डोक्यात असतं, पण डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा पाचच्या आसपास उतरतो, कधी त्याच्याही खाली. वाळू सूर्य मावळला की भराभर गार होते. शून्य अंशाची स्लीपिंग बॅग आणि खाली जाड मॅट, यात तडजोड नाही. ताडपत्री टांगून झोपायचा विचार सोडला, तळ आणि जाळी असलेला छोटा तंबू घेतला, विंचू आणि फुरसं दोन्ही तिथे आहेत, थंडीत कमी फिरतात पण सकाळी बूट झटकूनच घालायचे. साध्या खुंट्या वाळूत धरत नाहीत, म्हणून सहा छोट्या कापडी पिशव्या शिवून घेतल्या, त्यात वाळू भरायची, दोरी बांधायची आणि हातभर खोल पुरायची. आंजर्ल्याच्या वाऱ्यात रात्रभर टिकल्या.

मोजे लोकरीचे नकोत. भुरट नावाचं एक गवत आहे तिथे, त्याचे बारीक काटेरी गोंडे लोकरीत असे रुततात की काढताना बोटं सोलतात. गुळगुळीत नायलॉनचे मोजे आणि वर घोट्यापर्यंतचं कव्हर.

खाणं. स्टोव्ह घरी ठेवला. ट्रेनमध्ये गॅसचं सिलिंडर किंवा स्पिरिट नेता येत नाही आणि तिकडे पोचल्यावर कॅनिस्टर शोधण्यात एक दिवस घालवायचा नाहीये. आईने दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या करून दिल्या तर पहिले तीन दिवस निघतात, मग सातूचं पीठ आणि गूळ पाण्यात कालवून, शेंगदाणे, चिक्की, मेतकूट. एक वेळचं गरम जेवण गावात, बाजरीची जाड भाकरी आपल्या पोटाला ओळखीचीच आहे आणि केर-सांगरीची भाजी मिळाली तर मी त्या दिवशी पुढे जाणारच नाही. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा आणि खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला जिची पूजा करतो तीच, हे मला जानेवारीत तिथे झाडाखाली बसल्यावर कळलं आणि फार आनंद झाला. ओआरएसची २० पाकिटं, एका पाकिटाला एक लिटर पाणी, अर्ध्या बाटलीत आख्खं पाकीट टाकू नका.

वाटा आणि परवानग्या. उपग्रह चित्रावर दिसणारा ट्रॅक तिथे असेलच असं नाही, वारा माग पुसतो, आणि बापच्या बाजूला भडला सोलर पार्क २,२४५ मेगावॉटचा आहे, तिथे जुन्या चित्रातल्या वाटा आता कुंपणात गेल्यात. म्हणून रोजच्या मुक्कामाला एक दुसरी वाट फाइलमध्ये ठेवलीय. पोकरणजवळ लष्कराची फायरिंग रेंज आहे, तिच्या आसपासचे सगळे शॉर्टकट मी स्वतः पुसून टाकलेत. डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये परवानगीशिवाय शिरायचं नाही, माळढोकाचं ते शेवटच्या काही घरांपैकी एक आहे, आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला आता तो दिसायचा जवळजवळ थांबलाय, तेव्हा तिथे आपल्यामुळे एकही पक्षी उठता कामा नये. सीमेजवळच्या अधिसूचित भागातही परवानगी लागते म्हणून रूट मुद्दाम पूर्वेला ठेवलाय. ओरण लागतील वाटेत, जैसलमेरकडे देगरायचं मोठं आहे, ओरण म्हणजे देवराईच, लाकूड तोडायचं नाही. आणि परदेशातले व्हिडिओ बघून सॅटेलाइट मेसेंजर घेऊ नका, आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ती उपकरणं बाळगता येत नाहीत. माझी बहीण रोज संध्याकाळी सातला मेसेजची वाट बघणार, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आला नाही तर त्या दिवशीच्या गावातले दोन नंबर तिच्याकडे आहेत.

चार्जिंगला डायनॅमो हबचा (चाकाच्या मध्यात बसून वीज बनवणारा) विचार होता पण ताशी १२-१५ च्या खाली तो धड चार्ज करत नाही आणि मी तर ७ ने जाणार. २०,००० एमएएचची पॉवरबँक, रात्री स्लीपिंग बॅगेत, थंडीत बॅटरी बसते.

काल रात्री सगळं वजन केलं. सायकल १४.२, सामान आणि बॅगा ९.६, खाणं २.४, पाणी ८. एकूण ३४.२ किलो. जानेवारीत पाणी कमी असूनही ३३ होतं, म्हणजे जवळपास तीन किलो सामान गेलं, त्यात दुसरी पँट, कॅमेऱ्याची मोठी लेन्स, स्टोव्ह आणि भांडी, जाड कुलूप. लेन्स काढताना जीव तुटला, कारण फलोदीजवळ खीचनला हिवाळ्यात हजारो कुरजां (क्रौंच पक्षी) उतरतात, २०२५ च्या जूनमध्ये ती जागा पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही आलीय. छोटी दुर्बीण नेतोय, १८० ग्रॅम. खीचनला पहाटेचे दोन तास राखून ठेवलेत, त्या दिवसाचे किमी कमी केले.

राहिलेलं काम: मागचं ब्रेक पॅड, सीलंट, आणि वांद्र्याहून जोधपूरला जाणाऱ्या सूर्यनगरी एक्सप्रेसमध्ये सायकल लगेजमध्ये टाकायची चौकशी, हँडल वळवून पेडल काढून खोक्यात घालणार. बाप ते फलोदी या तुकड्यात मधे एकाच गावाचं पाणी पक्कं झालंय, दुसऱ्या गावातला फोन लागत नाहीये. कुणी त्या बाजूने गेलं असेल, सायकलने, मोटरसायकलने, कसंही, तर कृपया सांगा, नाहीतर तिथे ८ चे ९ लिटर करावे लागतील आणि त्यासाठी वह्या सोडून अजून काय काढायचं ते शोधतोय.