ट्रँटरची मेथी

आई मेथी निवडत होती आणि मी तिला आसिमोव्हच्या 'फाउंडेशन' या विज्ञान कादंबरीतलं साम्राज्य रंगवून सांगत होतो. अडीच कोटी ग्रह! राजधानी ट्रँटर, अख्खा ग्रह म्हणजे एकच शहर, वस्ती ४ हजार कोटींच्या वर.

देठ खुडता खुडता तिने विचारलं, "मग भाजी कुठून येते त्यांची?"

उत्तर पुस्तकातच आहे. २० शेतकी ग्रहांवरून, रोज हजारो जहाजं भरून. मी ती ओळ दरवेळी भरभर ओलांडतो.

"म्हणजे जहाजं अडवली की बादशहा उपाशी." जुडी संपली, आई उठलीसुद्धा.

रोमचा गहूही इजिप्तहून यायचा म्हणा.

पण त्या २० ग्रहांवर भाव काय मिळत असेल हो?