आधी पाणी बघा, मग फिल्टर घ्या

सांगलीत बऱ्याच घरांत दोन पाणी येतात, नळाला कृष्णेचं आणि वरच्या टाकीत बोअरचं. आमच्या विश्रामबागेत बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर चढतो, गिझरची कॉईल क्षारानं जाड होते. नळाचं पाणी तसं नाही. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत असं पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आणि आमचं नळाचं पाणी त्याच्या बरंच आत बसतं. मग त्याला आरओ, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी दाबून क्षार काढणारं यंत्र, कशाला? उगाच बादलीभर पाणी मोरीत सोडायचं. बोअरचंच पाणी प्यावं लागत असेल तर मात्र आरओ जरूर घ्या.

परवा शेजारच्या वहिनींकडे एक विक्रेता आला होता. त्यानं नळाच्या पाण्यात विजेच्या दोन कांड्या बुडवल्या आणि पाणी बघता बघता तांबूस गढूळ झालं. वहिनी घाबरल्याच. मी त्यांना समजावलं, ही घाण पाण्यातली नाही, कांडीचं लोखंड झिजून आलेला गंज आहे. आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी असतात, वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. माणसांना असं भिववून यंत्र विकणं मला अजिबात पटत नाही.

विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवरही सगळा भरवसा ठेवू नका. त्याला जंतू दिसत नाहीत, गाळही दिसत नाही. पावसाळ्यात आयर्विन पुलाखालून लाल पाणी वाहू लागलं की खरी काळजी तेव्हा घ्यायची. गढूळ पाण्यात यूव्ही फिल्टरचा जंतू मारणारा अतिनील उजेड जंतूंपर्यंत पोचत नाही. म्हणून तुरटी फिरवून पाणी निवळू द्यायचं, गाळायचं आणि खळखळ उकळायचं.

घरात माशांची काचेची टाकी असेल तर तिचा हिशोब वेगळा. जंतू मारायला आपल्याला पाण्यात क्लोरीन हवं, पण माशांचे कल्ले त्यानं भाजतात. मी नळाचं पाणी उघड्या टबात हवेचा पंप लावून रात्रभर ठेवते किंवा कार्बन फिल्टरमधून घेते. नुसतं आरओचं पाणी माशांच्या टाकीत घालू नये, त्यात पीएच (पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा) धरून ठेवणारे क्षार फारसे उरत नाहीत आणि तो एकदम घसरू शकतो.

टाकीतला स्पंज फिल्टर म्हणजे नुसती गाळणी नव्हे. त्यावरच्या तपकिरी, बुळबुळीत थरात जिवाणू राहतात. माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विषारी, नायट्रेट त्यामानानं सौम्य. म्हणून स्पंज नळाखाली धरायचा नाही, क्लोरीननं ते जिवाणू मरतात. टाकीतलंच पाणी बादलीत काढायचं, त्यात स्पंज दोन-तीनदा हलका पिळायचा. तो पांढराशुभ्र होईपर्यंत चोळायची गरज नाही. ते काळपट पाणी माझ्या जास्वंदीला जातं, तिला नायट्रेट मानवतं.

निऑन टेट्रा या छोट्या माशाला मऊ, म्हणजे कमी क्षारांचं पाणी लागतं, त्याच्यासाठी आरओचं थोडं पाणी मिसळायला हरकत नाही. पण घरी बोअरचंच पाणी असेल आणि पहिल्यांदाच टाकी लावत असाल, तर मॉली मासे आणा. त्यांना जड, म्हणजे क्षारांचं पाणीच आवडतं.