एका रेषेत चालून दाखव!

विमानातून उतरलो ते थेट ३५०० मीटर उंचीवर. पहिला तास झकास. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बॅग मीच उचलून नेली (नको तिथे हौस!) आणि संध्याकाळपर्यंत डोकं असं ठणकायला लागलं की विचारू नका. जेवण समोर, पण घास उतरेना.

गंमत म्हणजे हवेत ऑक्सिजन इथेही २१ टक्केच असतो. कमी असतो तो हवेचा दाब, समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो. शरीराला सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतात, आणि रोज व्यायाम करणाऱ्यांनाही उंचीच्या या त्रासातून सूट नाही. आमच्यात आज सगळ्यांत ठणठणीत कोण, तर जिन्यात दर वळणावर थांबणारी आई!

उद्याचा खिंडीचा बेत रद्द. सध्या पाणी, पॅरासिटामॉल आणि लोळणं. दारू नाही, झोपेची गोळी नाही. तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर मात्र सकाळची वाट न बघता खाली उतरायचं, असं ठरलंय. म्हणून मी दर तासाला नवऱ्याला एका रेषेत चालून दाखवायला लावतेय. तो वैतागलाय.