अरे बीव्हर, अहो बीव्हर

न्यू जर्सीला लेकाकडे राहायला गेले की सकाळी आठनंतर सगळं घर माझं. लेक-सून ऑफिसला, नात पिवळ्या बसने शाळेला. मग चहाचा दुसरा कप घेऊन मी टीव्हीसमोर बसते. जुन्या मालिकांच्या वाहिनीवर ‘लीव्ह इट टू बीव्हर’ लागते. कृष्णधवल, समजेल असं इंग्रजी, आणि अर्ध्या तासात भानगड होऊन मिटलेलीसुद्धा. धाकटा थिओडोर म्हणजे बीव्हर, थोरला वॉली, सुटाबुटातले वडील, आणि मोत्यांचा सर घालून उंच टाचांवर स्वयंपाक करणारी आई. स्वयंपाकघरात चपला! पहिले दोन दिवस माझं लक्ष तिथेच. नातीने मोबाइलवर शोधून माहिती पुरवली. आईचं काम करणाऱ्या बार्बरा बिलिंग्जलीच्या गळ्याशी खळगा होता, त्याची सावली कॅमेऱ्यात दिसायची, म्हणून मोती. आणि मुलं भराभर उंच व्हायला लागली, म्हणून टाचा.

मालिका सुरू झाली ४ ऑक्टोबर १९५७ला. त्याच दिवशी रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला. इकडे अमेरिकन टीव्हीवर संडास दाखवायचीही चोरी. पोरं मगरीचं पिल्लू संडासाच्या फ्लशच्या टाकीत लपवतात, त्या भागासाठी बरीच घासाघीस झाली, तेव्हा कुठे नुसती टाकी दाखवायला मिळाली.

मला टीव्हीशी बोलायची सवय आहे. “अरे, सांगून टाक ना आईला खरं खरं!” असं मी बीव्हरला बजावत होते, तेवढ्यात नात म्हणाली, “आजी, तो तुझ्यापेक्षा मोठा आहे.”

बीव्हर झालेल्या जेरी मॅथर्सचा जन्म १९४८चा. मी बावन्नची. महिनाभर ज्याला अरे-तुरे केलं, तो माझ्या दादाच्या वयाचा निघाला!

निवडीच्या वेळी हे महाशय स्काउटच्या गणवेशात आले होते आणि मला इथे नाही, स्काउटच्या सभेला जायचंय, असं त्यांनी सांगून टाकलं. तिथेच काम मिळालं. पुढे बर्कलीला तत्त्वज्ञान शिकले. मध्येच ते व्हिएतनाममध्ये मारले गेल्याची आवई उठली. खरं तर ते तिकडे गेलेच नव्हते. आपल्याकडे म्हणतात, मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं. त्यांचं वाढलं.

वॉलीचं मात्र तसं झालं नाही. टोनी डाऊ गेले अशी बातमी जुलै २०२२मध्ये चुकून जाहीर झाली, मग मागे घेतली, आणि दुसऱ्याच दिवशी ते खरंच गेले. एवढा देखणा, शहाणा मुलगा. पण विशीपासून नैराश्याशी झगडला आणि ते उघडपणे बोललाही. पुढे शिल्पकार झाला. पॅरिसला लूव्ह्रच्या आवारातल्या प्रदर्शनात त्याचं शिल्प होतं. बघा, पुन्हा एकेरीवर आले.

सगळ्यात गंमत एडी हॅस्कलची. वॉलीचा हा मित्र म्हणजे मोठ्यांपुढे साखर, त्यांची पाठ वळली की कारले. केन ऑस्मंडनी ते इतकं झकास वठवलं की नंतर त्यांना दुसरं काम मिळेना. शेवटी ते लॉस एंजेलिसच्या पोलिसात भरती झाले आणि कुणी ओळखू नये म्हणून मिशी ठेवली. १९८०मध्ये एका गाडीचोराने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. दोन चिलखती जाकिटाने अडवल्या, तिसरी पट्ट्याच्या बकलावर आदळली. आता तो एडी पडद्यावर कितीही गोड बोलला तरी मला त्याचा राग येत नाही. मी बकलाकडे बघते.

तर, जेरीरावांना यापुढे अहो-जाहो करायचं मी मनाशी पक्कं केलं. परवा तो प्रसिद्ध भाग लागला. जाहिरातीच्या फलकावर सूपचा अवाढव्य कप, त्यातून वाफा निघताहेत. आत खरंच सूप आहे का, ते बघायला बीव्हर वर चढायला लागला. “अहो, जपून” एवढंच म्हणायचं होतं मला.

“अरे मेल्या, पडशील!”

नात सोफ्यावर लोळून हसत होती.