परवाना मिळाला, पण बँक खाते उघडेना

आमची व्हेंचर कॅपिटल संस्था, म्हणजे गुंतवणूकदारांचे पैसे नवउद्योगांत गुंतवणारी संस्था, लहान आहे: तीन भागीदार, मोजके कर्मचारी आणि मूळ देशात चालवलेले दोन फंड. तिसऱ्या फंडातून आग्नेय आशियातील स्टार्टअपमध्ये गुंतवणूक करायचे ठरले आणि त्यासाठी सिंगापूरमध्ये कार्यालय उघडण्याचे काम माझ्याकडे आले. फंड चालवण्याच्या परवान्याला घाम गाळावा लागेल आणि बाकीचे ओघाने होईल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात परवाना हाती आल्यानंतरही बँकेचे साधे चालू खाते उघडलेले नव्हते.

कंपनीच्या नोंदणीविषयी सांगण्यासारखे फारसे काही नाही. आमच्यासारख्या परदेशी लोकांना ‘अक्रा’ या नोंदणी प्राधिकरणाकडे स्थानिक नोंदणीकृत सेवासंस्थेमार्फत अर्ज करावा लागतो. नावासाठी १५ आणि नोंदणीसाठी ३०० सिंगापूर डॉलर शुल्क आणि किमान एक संचालक तेथील रहिवासी, एवढ्यावर जून २०२३ मध्ये कंपनी उभी राहिली. परवान्याचेही तसेच. सिंगापूरच्या चलन प्राधिकरणाने २०१७ साली व्हेंचर कॅपिटल व्यवस्थापकांसाठी वेगळी आणि सुटसुटीत व्यवस्था आणली. इतर फंड व्यवस्थापकांना लागू असलेली किमान भांडवलाची अट तीत नाही, मात्र फंडाच्या बांधील भांडवलापैकी (गुंतवणूकदारांनी देण्याचे कबूल केलेल्या रकमेपैकी) किमान ८० टक्के रक्कम शेअर बाजारात नोंद नसलेल्या आणि पहिल्या गुंतवणुकीच्या वेळी स्थापनेला दहा वर्षांहून अधिक काळ न झालेल्या उद्योगांत गुंतवावी लागते. आम्ही तेच करत होतो, त्यामुळे प्रश्नोत्तरांच्या दोन फेऱ्यांत विषय संपला.

खात्याचा अर्ज आम्ही ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस केला, आणि ती वेळ याहून वाईट असू शकली नसती. त्याच महिन्याच्या १५ तारखेला सिंगापूर पोलिसांनी मनी लाँडरिंगच्या, म्हणजे गुन्ह्यातला पैसा वैध भासवण्याच्या, प्रकरणात दहा परदेशी व्यक्तींना अटक केली होती; त्यातील जप्त मालमत्तेचा आकडा पुढे तीन अब्ज सिंगापूर डॉलरच्या वर गेला. आमच्या बँकेने कारण कधी सांगितले नाही, पण आमच्या अर्जाकडे भिंगातून पाहिले जाण्यामागे हेच असावे, असा माझा तर्क आहे. त्याबद्दल माझी तक्रारही नाही. तक्रार आहे ती प्रश्न एकावेळी एक असे विचारण्याबद्दल.

सिंगापूरच्या कंपनीची मालकी आमच्या मूळ व्यवस्थापन कंपनीकडे, तिची मालकी तीन भागीदारांकडे, आणि त्यांपैकी ज्येष्ठ भागीदाराचा हिस्सा त्यांच्या कौटुंबिक ट्रस्टच्या नावावर. साधारणपणे २५ टक्क्यांहून अधिक हिस्सा असलेल्या व्यक्तीची ओळख बँकेला पटवली की भागते, असे मी धरून चाललो होतो. ट्रस्टला हे गणित लागू पडत नाही. तेथे टक्केवारी कितीही असो, ट्रस्ट स्थापन करणारा, विश्वस्त आणि लाभार्थी अशा सर्वांची माहिती द्यावी लागते. लाभार्थ्यांत या ज्येष्ठ भागीदारांची नऊ वर्षांची नात होती. पत्त्याचा पुरावा म्हणून तिच्या नावाचे वीजबिल मागणारा ईमेल मी दोनदा वाचला. अखेर शाळेचे पत्र आणि पालकांचा पत्ता यांवर निभावले, पण त्या निर्णयाला पाच आठवडे लागले.

खरा चक्रव्यूह त्यानंतर सुरू झाला. पत्त्याचा प्रत्येक पुरावा तीन महिन्यांच्या आतला हवा. भागीदारांचे पुरावे दिले तोवर नातीचा प्रश्न निघाला. तो सुटला तोवर भागीदारांच्या बिलांची मुदत संपली. ती नव्याने दिली, तर ज्येष्ठ भागीदारांच्या संपत्तीचा स्रोत विचारण्यात आला. त्यांनी वीस वर्षांपूर्वी स्वतःची कंपनी विकली होती आणि तो करार जुन्या कपाटांतून शोधून काढेपर्यंत विश्वस्तांच्या बिलांची मुदत संपली. मध्यंतरी आमचा अर्ज हाताळणारे बँकेचे रिलेशनशिप मॅनेजर बदलले आणि नव्यांनी पहिल्याच पत्रात मालकीची आकृती पुन्हा मागवली. नियमपालन तपासणाऱ्या कम्प्लायन्स विभागाशी थेट बोलता येत नव्हते. आमचे उत्तर मॅनेजरमार्फत आत जाई आणि दहा-बारा दिवसांनी एक नवा प्रश्न बाहेर येई.

या काळात भाडे, वकिलांचे शुल्क आणि सेवासंस्थेचे पैसे मूळ कंपनी परस्पर भागवत होती. ती प्रत्येक रक्कम पहिल्या दिवसापासून मूळ कंपनीकडून घेतलेले कर्ज म्हणून नोंदवून ठेवावी. आम्ही तसे केले नाही आणि लेखापरीक्षणाच्या वेळी आठवडाभर पावत्या जुळवत बसलो. त्याहून जिव्हारी लागले ते वेगळेच. डिसेंबरमध्ये ज्या स्टार्टअपशी बोलणी पक्की होत आली होती, त्याची निधी उभारणीची फेरी आमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांच्या पैशांवर पूर्ण झाली. त्या संस्थापकांना ‘आमचे खाते अजून उघडलेले नाही’ असे कळवताना वाटलेली लाज मी विसरलेलो नाही.

जानेवारीत परवाना आला. मी तो त्याच संध्याकाळी बँकेला पाठवला आणि उत्तरात पत्त्याचे ताजे पुरावे मागणारे पत्र आले. तेव्हा कुठे मी करायला हवे होते ते केले. सर्व व्यक्तींची यादी केली, प्रत्येक कागदाची तारीख आणि मुदत एका तक्त्यात मांडली, सगळे पुरावे एकाच आठवड्यात नव्याने गोळा केले आणि न विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांसह एकाच गठ्ठ्यात दिले. खाते एप्रिल २०२४ मध्ये उघडले. मालकीची आकृती कंपनी नोंदवण्यापूर्वीच काढा आणि तीत ट्रस्ट असेल तर बँकेशी पहिल्याच भेटीत तो विषय तुम्हीच काढा, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

एक गोष्ट वर राहून गेली. परदेशी कागद एकाच प्रमाणपत्रावर ग्राह्य धरण्याचा आंतरराष्ट्रीय अपोस्टिल करार सिंगापूरमध्ये १६ सप्टेंबर २०२१ पासून लागू आहे, त्यामुळे कागद सदस्य देशातले असतील तर वकिलातीच्या शिक्क्यांची जुनी साखळी लागत नाही. आमच्या एका सल्लागाराने जुन्याच माहितीवर वकिलातीत खेटे घालायला लावले आणि त्यात तीन आठवडे फुकट गेले.

फंडाच्या स्वतंत्र खात्यासाठी त्याच बँकेकडे अर्ज केला तेव्हा तोच तक्ता अद्ययावत करून पहिल्या दिवशी दिला. ते खाते उघडायला एकोणीस दिवस लागले.