रानपिंगळा ओळखावा कसा, आणि त्याच्या ढोलीपासून लांब का राहावं

रानपिंगळा हे छोटं घुबड. त्याची १८८४ नंतर खात्रीची नोंद नव्हती. १९९७च्या नोव्हेंबरमध्ये तो शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला. आज तोरणमाळ, यावल, मेळघाट, तानसा आणि शेजारच्या मध्य प्रदेश-गुजरातेतल्या काही जंगलांत तो आहे. सगळ्या जगात तो फक्त भारतातच.

साधा पिंगळा त्याच जंगलाच्या कडेला असतो, त्यामुळे हमखास घोटाळा होतो. आधी डोकं पाहा. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक दिसतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, करडं-तपकिरी. मग छाती: वरचा भाग गडद तपकिरी, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पायांवर दाट पांढरी पिसं. पानांच्या सावलीत ठिपके फसवतात, म्हणून एकाच खुणेवर नोंद करू नये.

त्याला घनदाट रान नको. विरळ, पानझडी सागवन त्याला मानवतं, कारण तो उघड्या फांदीवर बसून खालच्या जमिनीवर नजर ठेवतो. शिकार दिवसाउजेडी, मुख्यतः सकाळी. थंडीत तो बराच वेळ उन्हात बसून असतो, शोधायला तीच वेळ सोयीची. सरडे, सापसुरळ्या, उंदीर, नाकतोडे, कधी लहान पक्षी किंवा बेडूक हा त्याचा आहार. सावज जड असलं तरी तो उचलतो. त्याचे पंजे शरीराच्या मानाने फार दणकट असतात.

वीण साधारण ऑक्टोबर ते मे. घरटं तो बांधत नाही, झाडातली तयार ढोली घेतो. अंडी बहुतेक वेळा दोन. उबवते मादी, तिला खाऊ घालतो नर. म्हणजे नर बिचकला की मादी उपाशी, आणि ती उठली की अंडी उघडी. फोटोसाठी ढोलीखाली ठाण मांडणं किंवा त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवणं इथे थेट पिल्लांच्या जिवावर येतं. आवाज ऐकून नर हद्द राखायला धावतो, शिकार राहून जाते. विणीच्या काळात रेकॉर्डिंग वाजवूच नये, आणि घरट्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये.

अशी ढोली जुन्या झाडातच तयार होते. वाळलेलं, पोकळ खोड सरपणासाठी किंवा ‘साफसफाई’ म्हणून आधी तोडलं जातं. नवी रोपं लावून ती जागा भरत नाही. त्या रोपात ढोली व्हायला कित्येक दशकं जातात. म्हणून जिथे रानपिंगळा आहे, तिथलं वठलेलं झाडही उभं राहू द्यावं.